पाण्याची पाळी

गेल्या महिन्यात औशाजवळच्या आमच्या गावी गेलो होतो, तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या चुलत्यांनी मला तोच प्रश्न विचारला, जो शिडाच्या बोटीतून अटलांटिक महासागर ओलांडून आल्यापासून बहुतेक प्रत्येकाने विचारला आहे. "पण रात्रीचं बोट कुठं लावायचात रं?" त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा ढाब्यापुढे ओळीने उभे असलेले ट्रक असावेत. मी सांगितले की बोट कुठेच लावत नाहीत. आमच्या नांगराची साखळी ६० मीटरांची होती आणि बोटीखालचे पाणी चार-पाच हजार मीटर खोल होते, तेव्हा नांगर टाकला तरी तो टेकणार कशाला? म्हणून बोट रात्रंदिवस चालत राहते आणि चौघांपैकी एक जण कायम जागा असतो. चुलत्यांनी अडकित्ता थांबवला आणि म्हणाले, "म्हंजे रातच्या लाइटीवर दारं धरायला जावं, तसंच की." वीस दिवसांच्या त्या प्रवासाचे इतके नेमके वर्णन मला स्वतःला आजवर साधले नव्हते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शेतीपंपाची वीज कितीतरी वेळा रात्रीचीच मिळते, आणि मग शेतकऱ्याला बॅटरी, काठी आणि फावडे घेऊन मध्यरात्री रानात जावे लागते. पंप सुरू करायचा, एक वाफा भरला की दंडाचे, म्हणजे पाण्याच्या पाटाचे, दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडायचे, आणि मधल्या वेळात बांधावर बसून राहायचे. त्या बसण्यात काम असे काहीच नसते. मात्र डोळा लागला तर पाणी भलत्याच रानात जाते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यातील कितीतरी रात्री अशा बांधावर काढल्या. बोटीवर मला मिळालेली पाळी रात्री बारा ते तीनची होती, आणि तिचे स्वरूप तंतोतंत असेच होते.

आमची बोट १३ मीटर लांबीची, जुनी पण नीट राखलेली. मालक साठीतले एक डच जोडपे. नवरा कप्तान आणि त्याची बायको त्याच्याहून चांगली नाविक. चौथा एक विशीतला आयरिश मुलगा. मी मुंबईच्या बंदरात शनिवार-रविवारी लहान बोटींवर शीड हाताळायला शिकलेला, जन्माने लातूरचा, म्हणजे समुद्रापासून सर्वांत दूर वाढलेला. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर आम्ही कॅनरी बेटांतील लास पाल्मास येथून निघालो आणि कॅरिबियनमधील सेंट लुशिया बेटावर पोहोचलो. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. वेग ताशी दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे घाई नसलेल्या सायकलस्वाराचा. नोव्हेंबरातच निघण्याचे कारण असे की तोवर तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो, आणि शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना ईशान्य व्यापारी वारे म्हणून पाठ केले ते या दिवसांत नीट बसू लागतात. आधी दक्षिणेकडे केप व्हर्दे बेटांच्या दिशेने उतरायचे आणि वारा पाठीवर पक्का बसला की पश्चिमेला वळायचे, ही वाट शिडाची जहाजे पाचशे वर्षांपासून धरत आली आहेत.

यात मी काही पराक्रम केला असे कोणी समजू नये. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच बोट कुठेही न थांबता एकट्याने फिरवून आणली, आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून २५४ दिवसांत जग पालथे घातले. त्यांनी दक्षिण महासागरातील थंडी आणि डोंगराएवढ्या लाटा अंगावर घेतल्या. आमचा मार्ग त्या मानाने उबदार, वारा पाठीशी, आणि वाटेत भरपूर कंटाळा. त्या कंटाळ्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

रात्रीच्या पाळीत बोट हाताने हाकावी लागत नव्हती. तिच्या मागच्या टोकाला वाऱ्यावर चालणारे एक यंत्र होते, ज्याला वीज लागत नाही, आणि त्याच्याइतकी शहाणी वस्तू मी दुसरी पाहिली नाही. वर एक पातळ पाते उभे असते. ते वाऱ्याच्या रोखात धरून ठेवलेले असते. बोट आपल्या वाटेवरून थोडी जरी ढळली तरी वारा त्या पात्याला एका बाजूने लागतो आणि ते कलते. त्या कलण्याने खाली पाण्यात सोडलेले एक लांब वल्हे किंचित वळते, वळल्याबरोबर धावते पाणी त्याला जोराने बाजूला ढकलते, आणि वल्ह्याला बांधलेल्या दोन दोऱ्या सुकाणूचे चक्र हवे तेवढे फिरवतात. म्हणजे वारा फक्त इशारा करतो आणि ताकद पाण्याची वापरली जाते. त्यात गोम एवढीच की हे यंत्र दिशा धरत नाही, वारा धरते. वारा फिरला की बोटही मुकाट्याने त्याच्याबरोबर फिरते, आणि झोपेत असलेल्या माणसाला आपण भलतीकडे निघालो आहोत याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी उठायचे, होकायंत्र पाहायचे, शिडांवर बॅटरीचा झोत टाकायचा आणि क्षितिजावर पूर्ण गोल नजर फिरवायची. हा दहा-बारा मिनिटांचा हिशेब उगाच ठरलेला नाही. मालवाहू जहाज ताशी १८ सागरी मैलांनी समोरून येत असेल आणि आपण ६ ने जात असू, तर दोघांमधले सहा मैल पंधरा मिनिटांत संपतात. मोठ्या जहाजांचे नाव, दिशा आणि वेग रेडिओलहरींवरून पडद्यावर उमटवणारे यंत्र आमच्याकडे होते, तरी कप्तान म्हणायचा की पडदा हा दुसरा साक्षीदार, पहिला आपला डोळा. वीस दिवसांत आम्हाला मोजून पाच जहाजे दिसली. अंगावर पट्ट्यांचे जाकीट आणि त्या पट्ट्याचा दोर बोटीला अडकवलेला, हा नियम मात्र दिवसा-रात्री कोणालाही मोडायची मुभा नव्हती. एकटा जागा असलेला माणूस पाण्यात पडला, तर बाकीच्यांना ते कळायचे पुढच्या पाळीला, म्हणजे बोट पंधरा-वीस मैल पुढे गेल्यावर.

आठव्या-नवव्या रात्री एक गोष्ट घडली, जी मी कोणाला सांगितली तर त्यांना तिच्यात विशेष काही वाटत नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच आपला अक्षांश असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. लास पाल्मासला तो २८ अंशांवर होता आणि आम्ही जसजसे खाली येत होतो तसतसा तोही रोज थोडा उतरत होता. लातूरचा अक्षांश १८.४. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश भरतात; त्या रात्री ध्रुव दोन मुठींना जरासा कमी भरला. पाळीच्या उत्तरार्धात दक्षिणेकडे पाहिले, तर अगस्तीचा तारा नेमका दक्षिणेला, त्याच्या सर्वांत उंच जागी आलेला, आणि तोही क्षितिजापासून दोन मुठींना जरासा कमी. लातूरच्या अक्षांशावर हे दोघे असे समोरासमोर जवळजवळ सारख्याच उंचीवर येतात, आणि थंडीच्या दिवसांत रात्रीच्या पाण्याला गेलेल्या अण्णांच्या डोक्यावरही हेच आकाश होते. ज्याने एका ओंजळीत समुद्र पिऊन टाकला तो ऋषी नेमका त्या समुद्रावर वाकून पाहत होता. दुसऱ्या दिवशी जे झाले ते पाहता, तो तहानेलाच असावा.

दुसऱ्या दिवशी आमचे पाणी करण्याचे यंत्र बंद पडले. लातूरकरांना ते यंत्र समजावून सांगायची गरज नाही. गल्लोगल्लीच्या आरओ जारमागे जे असते तेच, फक्त त्याचा थोरला भाऊ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते मागे ठेवून गोडे पाणी पडद्यापलीकडे ढकलायला वातावरणाच्या पन्नास-साठपट दाब द्यावा लागतो. तो दाब देणाऱ्या पंपाचे सील गळू लागले. कप्तानाने दोन दिवस त्याच्याशी झटापट केली, जवळचे सुटे भाग लावून पाहिले, आणि मग टाकीत काठी घालून मोजले : ३५० लिटर. माणसे चार, दिवस अजून अकरा. संध्याकाळी त्याने सर्वांना टेबलाभोवती बसवून जाहीर केले की आजपासून प्रत्येकी रोज पाच लिटर, पिणे आणि स्वयंपाक त्यातच, आणि उरेल ते राखीव.

आयरिश मुलाचा चेहरा उतरला. मला मात्र, खरे सांगायचे तर, पहिल्यांदाच त्या बोटीवर आपल्या घरी असल्यासारखे वाटले.

२०१६ चा उन्हाळा लातूर शहरात ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्चमध्ये पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे कलम लावावे लागले होते, आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, दहा टाक्यांची, सुमारे पाच लाख लिटरची. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. आमच्या घरात तेव्हा दारामागे तीन टिपाडे होती, आणि कोणते पाणी कशाला याची वर्णव्यवस्था आईने अशी बसवली होती की पाहुण्यालाही ती मोडता येत नसे. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, भांड्यांचे दुसरे पाणी फरशीला, अंघोळीचे पाणी परातीत धरून संडासाला. माणसाला पाच लिटर, आणि तेही भरवशाचे, रोज, रांग न लावता मिळणारे. आईने ते ऐकले असते तर सुखाने मान डोलावली असती.

तेव्हा बोटीवरच्या पाण्याचे खाते माझ्याकडे आले, आणि ते मी आईच्या शिस्तीने चालवले. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, समुद्राच्याच पाण्याने विसळायची, आणि शेवटी फक्त ज्याला तोंड लागते तेवढ्यावरून, म्हणजे पेल्याच्या काठावरून आणि चमच्यावरून, गोड्या पाण्याचे ओले फडके फिरवायचे. अंघोळ मागच्या पायरीवर बसून, दोर बांधलेल्या बादलीने समुद्राचे पाणी अंगावर घेत. साध्या साबणाला त्या पाण्यात फेस येत नाही, जसा आमच्या जड बोअरच्या पाण्यातही येत नाही. शाम्पू किंवा भांड्यांचे द्रव चालते. सगळे झाले की शेवटी एक लिटर गोडे पाणी डोक्यावरून हळूहळू ओतायचे, कारण मीठ अंगावर वाळले तर त्वचा खाजते आणि कपड्यात राहिले तर ते हवेतला ओलावा ओढत राहते. मिठाचा कपडा उन्हात कितीही घाला, संध्याकाळी पुन्हा दमट. हे एक लिटर कसे पुरवायचे हे मी आयरिश मुलाला तांब्याने शिकवले. तांब्या तिथे नव्हताच, कॉफीचा डबा होता; पण मनगटाची हालचाल तांब्याचीच.

माझ्या हातून मोठी चूकही इथेच झाली. बटाटे उकडायला थोडे समुद्राचे पाणी मिसळले की मीठही वाचते आणि गोडे पाणीही, हे कप्तानाच्या बायकोने सांगितले होते. मी तेच शहाणपण वरणाला लावले आणि तिसरा हिस्सा समुद्राचा घातला. लिटरला बारा ग्रॅम मिठाचे वरण कोणाच्याच्याने खाववेना, ते फेकून देताना माझे काळीज तुटले, कारण डाळीपेक्षा जास्त त्यात दोन लिटर गोडे पाणी होते. त्या रात्री मी माझ्या वाट्यातून ते दोन लिटर कापून घेतो म्हणालो. कप्तानाने वहीत 'शिक्षण खर्च' असे लिहून विषय मिटवला.

स्वयंपाकघराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण दिवसातला सर्वाधिक विचार तिथेच जातो. वारा पाठीवर असला की बोट सरळ न जाता दर चार-पाच सेकंदांनी या अंगावरून त्या अंगावर डोलते, अखंड, वीस दिवस. शेगडी दोन खिळ्यांवर पाळण्यासारखी टांगलेली असते, त्यामुळे बोट हलली तरी भांडे समपातळीत राहते, आणि स्वयंपाक करणारा तेवढा हलत राहतो. झाकण घट्ट लागणारा प्रेशर कुकर हे समुद्रावरचे सर्वांत सुरक्षित भांडे आहे, आणि तो चालवण्याचा अनुभव त्या चौघांत एकट्या मलाच होता. पहिल्या शिट्टीला आयरिश मुलगा धावत वर गेला. केळीचा घड टांगला होता, तो ठरवून केल्यासारखा दोन दिवसांत सगळा पिकला आणि आम्ही सकाळ-संध्याकाळ केळी खाल्ली. कोबी, कांदे, बटाटे टिकतात. अंडी फ्रीजशिवाय राहतात, फक्त मधूनमधून उलटी करायची. दुसऱ्या आठवड्यात पालेभाजीचा मागमूस उरला नाही, तेव्हा मी बॅगेतून मटकी काढली आणि भिजवून ओल्या फडक्यात बांधून इंजिनाच्या उबेला टांगली. तिसऱ्या दिवशी मोड पाहून कप्तानाच्या बायकोने चष्मा लावून ते जवळून पाहिले. ज्वारीचे पीठ मात्र नेणे चुकले; महिनाभरात त्याचा चिकटपणा गेला आणि भाकरी थापताना तिचे नकाशे होऊ लागले. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ, टिकला. लसणाचे आणि येसराचे कालवण असले की त्या डच माणसाला भातावर आणखी काही नको असे.

सकाळी उजाडल्यावर पहिले काम डेकवर फेरी मारण्याचे. रात्री उडते मासे येऊन पडलेले असतात, ते गोळा करायचे, आणि मग एकेक दोर हाताखालून घालून पाहायचा. विहिरीच्या रहाटावर दोर ज्या जागी घासतो तिथेच तो तुटतो. इथे तर तोच दोर त्याच कप्पीवर दिवसाला हजारो वेळा हलत असतो. म्हणून रोज तो वीतभर सैल किंवा आखूड करायचा, की घासण्याची जागा बदलते. दुपारी बारा वाजता वहीत जागा आणि चोवीस तासांचे मैल लिहायचे. आमचा सर्वांत चांगला दिवस १५८ मैलांचा, सर्वांत वाईट ९६ चा. त्यानंतर दुपारभर माणसे झोपतात, कारण तुटक झोपेचे देणे कधी फिटतच नाही. त्या न फिटलेल्या देण्यापायी मी पंधराव्या दिवशी एका सहृदय माणसाशी चमचा कुठल्या खणात ठेवायचा यावरून भांडलो, आणि दोघेही तीन तास एकमेकांशी बोललो नाही. १३ मीटरांत तीन तास न बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे.

सोळाव्या रात्री माझ्या पाळीत पूर्वेकडचे तारे खालून पुसले जाऊ लागले. वळवाचा ढग ओळखायला आम्हाला रडार लागत नाही. आधी वारा पडतो, मग गार झुळूक येते, मग एकदम अंगावर येतो. मी कप्तानाला उठवले आणि आम्ही मुख्य शीड आणखी आखूड केले. वारा ताशी १८ सागरी मैलांवरून ३५ वर गेला आणि पाठोपाठ पाऊस. सगळे आत पळाले. मी बादल्या आणायला पळालो. शिडाखालच्या आडव्या दांड्याचे मागचे टोक जरा वर उचलले की शिडावरचे सगळे पाणी वाहत डोलकाठीच्या बुंध्याशी उतरते. पहिल्या काही मिनिटांचे पाणी मी जाऊ दिले, कारण ते शिडावरचे मीठ धुऊन आणते. घरी पत्र्यावरचे पहिले पाणी आम्ही सोडून देतो, ते धुळीसाठी. कारण वेगळे, रीत तीच. चाखून पाहिले, गोडे लागले, मग बादली लावली. पंचवीस मिनिटांत साठ लिटर. ओलाचिंब होऊन मी खाली आलो तेव्हा आयरिश मुलाने तोच कॉफीचा डबा पुढे केला आणि विचारले की आज अंघोळीला दोन लिटर मिळतील का. मी दीड दिले.

सेंट लुशियाच्या रॉडनी बे बंदरात धक्क्याला लागलो तेव्हा टाकीत पावणेदोनशेच्या वर पाणी शिल्लक होते. शेजारच्या बोटीवर एक माणूस नळी लावून डेक धूत होता आणि पाणी धो धो समुद्रात जात होते. कप्तान म्हणाला, आता टाकी रिकामी करू, धुऊन ताजे भरू. मी त्याच्याकडे दोन तास मागितले. बादल्या काढल्या, चौघांचे कपडे, सहा चादरी आणि मिठाने कडक झालेली जाकिटे एकामागून एक धुतली, कपड्यांचे पाणी डेकला वापरले. तरीही शेवटी वीसेक लिटर उरले. धक्क्यावर बोगनवेलीच्या चार कुंड्या होत्या, ते त्यांना घातले.